मल्टिटास्किंग: डॉस ते विंडोज ९५

फोनवर गाणं चालू ठेवून आपण व्हॉट्सॲप उघडतो. १९८१ च्या आयबीएम पीसीवर डॉस होतं, त्यात एका वेळी एकच प्रोग्राम चालायचा. दुसरा हवा असेल तर पहिला बंद करा!

विंडोज ३.१ (१९९२) मध्ये अनेक प्रोग्राम उघडता यायचे, पण 'सहकारी' पद्धतीने. समजा, मलकापूरला हायवेच्या चौकात सिग्नलही नाही आणि पोलीसही नाही. एकाने आपणहून वाट दिली तरच दुसऱ्याची गाडी निघणार. तसंच एक प्रोग्राम अडून बसला की सगळं ठप्प. सेव्ह न केलेलं पत्र गेलंच समजा.

विंडोज ९५ ने सिग्नल बसवला. प्रोसेसर एकच, पण टायमर ठराविक वेळाने तो एका प्रोग्रामकडून काढून दुसऱ्याला देतो, तेही न विचारता. अदलाबदल इतकी झटपट होते की सगळं एकदम चाललंय असं वाटतं. (अमिगा कॉम्प्युटरवर हे १९८५ लाच होतं, पण नाव झालं विंडोजचं.) तरी जुने १६-बिट प्रोग्राम आपसात जुन्याच पद्धतीने चालायचे, त्यामुळे हँग होणं लगेच थांबलं नाही. तुमच्या अँड्रॉइडमधला लिनक्स कर्नलही प्रोसेसर असाच काढून घेतो.