कानदुखी आणि तहकुबी

पेडणे महालातील आमच्या घरी मूल कान धरून रडू लागले, की आजी लसणीची पाकळी घालून कढवलेले खोबरेल कोमट करून दोन थेंब कानात सोडीत असे. त्या उपायात गुण तेलाचा किती आणि आजीच्या मांडीचा किती, याचा निवाडा करण्यास मी वकील असूनही धजत नाही. मात्र कान वाहत असल्यास तेल घालू नये, असे आजचे वैद्यक सांगते.

पणजीस वैद्यकशाळा 1842 मध्ये स्थापन झाली. तथापि पुढे नव्वदाहून अधिक वर्षे मध्यकर्णातील पू आटोक्यात आणणारे खात्रीचे औषध जगात कोणाजवळच नव्हते. तो पू कानामागील हाडात, क्वचित मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचे आणि मूल हातचे जाई. 1928 मध्ये फ्लेमिंग यांना पेनिसिलिन दिसले. 1955 मध्ये पुण्याजवळ पिंपरीस त्याचे उत्पादन सुरू झाले. असे औषध हाती आल्यावर प्रत्येक कानदुखीवर ते देण्याचा मोह पडावा, हे स्वाभाविकच होते.

परंतु अपुऱ्या मात्रेने जंतू औषधास निर्ढावतात, हा इशारा खुद्द फ्लेमिंग यांनीच 1945 च्या नोबेल व्याख्यानात दिला होता. पुढे असेही दिसून आले, की बहुतेक मुलांची कानदुखी प्रतिजैविकांवाचूनच बरी होते. म्हणून 2013 च्या अमेरिकन बालवैद्यकीय नियमाने सहा महिने व त्यावरील मुलांत भेद केला: दोन वर्षांखालील मुलाचे दोन्ही कान बिघडलेले, कानातून स्राव, तीव्र वेदना किंवा 39 अंश सेल्सियसचा ताप असेल, तर प्रतिजैविक द्यावे. इतरांस वेदनाशामक देऊन, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, 48 ते 72 तास वाट पाहता येते.

डिचोलीच्या बाजारात गतवर्षीची चिठ्ठी पुढे करून तेच औषध मागणारी आई अपराधी नव्हे. ती भ्यालेली असते. चिठ्ठीवाचून प्रतिजैविके विकण्यास कायद्याची मनाई आहे खरी. पण कायदा दुकानदाराचा हात धरील, आईचे भय तो कसा निवारणार? ते काम समजावून सांगणाऱ्या डॉक्टराचे.

आम्हां वकिलांस तहकुबीचा अर्थ ठाऊक असतो. तहकुबी म्हणजे दावा सोडून देणे नव्हे. पुढील तारीख नेमूनच ती मिळते. कानाच्या बाबतीत ती तारीख तिसऱ्या दिवसापलीकडे जाऊ नये. आणि ताप चढला अथवा कानामागे सूज आली, तर त्या तारखेचीही वाट पाहू नये.