लोसमेन: कुटा गावातील स्वस्त मुक्कामाचा इतिहास

इंडोनेशियातील बाली बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर कुटा हे गाव आहे. तेथे घरमालकाच्या अंगणातच चारदोन खोल्या बांधून चालवलेल्या साध्या निवासाला ‘लोसमेन’ म्हणत, आणि हा शब्द डच वसाहतकाळातील ‘लोजमेंट’ म्हणजे उतरण्याची जागा या शब्दाचे स्थानिक रूप आहे. पाठीवर एकच पिशवी घेऊन, महिनोन्‌महिने, मोजक्या पैशांत हिंडणाऱ्या तरुण परदेशी प्रवाशांचा, म्हणजेच बॅकपॅकरांचा, बालीतील इतिहास हा प्रामुख्याने या अंगणांचा इतिहास आहे.

बालीचे पर्यटन मात्र त्याहून जुने आहे. 1906 मध्ये बदुंग आणि 1908 मध्ये क्लुंगकुंग येथील राजपरिवारांनी शरण जाण्याऐवजी ‘पुपुतान’, म्हणजे अखेरपर्यंत झुंजत सामूहिक मरण, पत्करल्यानंतर संपूर्ण बेट डचांच्या ताब्यात गेले आणि दोन दशके उलटण्यापूर्वीच केपीएम या डच जहाज कंपनीच्या आगबोटी त्याच भूमीवर सहलीसाठी आलेल्या प्रवाशांना उतरवू लागल्या. 1936 मध्ये रॉबर्ट आणि लुईस कोक या अमेरिकन दांपत्याने कुटाच्या वाळूवर छोटे हॉटेल उभारले, परंतु 1942 च्या जपानी आक्रमणाने तो प्रयोग संपला. हे सारे प्रवासी सधन होते आणि त्यांच्या सोयीगैरसोयीची काळजी कंपन्या व हॉटेले वाहत असत.

1969 मध्ये बालीचा विमानतळ आंतरराष्ट्रीय वाहतुकीसाठी खुला झाला, आणि त्याच सुमारास युरोपातून इस्तंबूल, काबूल, दिल्लीमार्गे काठमांडूकडे किंवा गोव्यातील हणजुण्याच्या किनाऱ्याकडे येणाऱ्या तरुणांपैकी काहीजण पुढे आग्नेय आशियात उतरून ऑस्ट्रेलियाची वाट धरू लागले, तर काही ऑस्ट्रेलियाहून उलट दिशेने निघू लागले. दोन्ही वाटांवर बाली हा स्वाभाविक थांबा होता. टोनी आणि मॉरीन व्हीलर यांनी आपल्या अशाच प्रवासानंतर 1973 मध्ये पहिली मार्गदर्शिका काढली, आणि 1975 मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे आग्नेय आशियावरील पिवळ्या मुखपृष्ठाचे पुस्तक पुढे अनेकांच्या पिशवीत असे.

कुटा तेव्हा मासेमारी व शेती करणाऱ्यांचे गाव होते. बालीच्या परंपरेत डोंगराची दिशा पवित्र आणि समुद्राची दिशा अशुभ शक्तींची मानली जाते, शिवाय किनाऱ्याच्या वाळूत भात पिकत नाही. त्यामुळे जी जमीन सर्वांत कमी मोलाची समजली जाई तिच्याच आसपास परदेशी पाहुणे राहू इच्छीत होते, ही तेथील कुटुंबांच्या दृष्टीने मोठी उलथापालथ होती. बालीचे पारंपरिक घर म्हणजे कुंपणभिंतीच्या आत, कुलदेवळासह, अंगणाभोवती मांडलेल्या सुट्या लहान वास्तूंचा समूह असल्याने, त्यात आणखी एक खोल्यांची ओळ बसवणे फारसे अवघड नव्हते. पलंग, रॉकेलचा दिवा, सकाळी चहा आणि केळी एवढ्यावर हा व्यवसाय उभा राहिला. स्नानासाठी ‘मंडी’ असे, म्हणजे पाण्याने भरलेला हौद आणि शेजारी पाणी उपसण्याचे भांडे. हौदातून पाणी अंगावर घ्यायचे असते हे मराठी वाचकाला सांगावे लागत नाही, पण अनेक पाश्चात्त्य पाहुणे थेट हौदातच उतरत आणि घरच्यांना सारे पाणी बदलावे लागे.

याहून गंभीर संकटे पोटाची, पैशांची आणि समुद्राची होती. दूषित पाणी वा अन्नामुळे होणाऱ्या जुलाबांना प्रवाशांत ‘बाली बेली’ असे नावच पडले होते. त्यावरील सर्वांत साधा इलाज, मीठ व साखर योग्य प्रमाणात मिसळलेले पाणी, याची परिणामकारकता मात्र पर्यटनाशी काहीही संबंध नसलेल्या ठिकाणी सिद्ध झाली: 1971 मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रुग्णांवर हा उपचार मोठ्या प्रमाणावर केला आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आणले. पैशांच्या बाबतीत आधार होता तो 1891 पासून प्रचलित असलेल्या प्रवासी धनादेशांचा, कारण खरेदी करताना एक आणि वटवताना दुसरी अशा दोन सह्यांमुळे चोराला ते वापरणे कठीण जाई आणि क्रमांक जपून ठेवले असल्यास हरवलेली रक्कम परत मिळे. घराशी संबंध ‘पोस्ट रेस्टांट’ या सोयीने टिकत असे, म्हणजे प्रवाशाच्या नावाने आलेले पत्र टपाल कार्यालय त्याच्या येण्यापर्यंत सांभाळून ठेवी. समुद्रापुढे कोणताही कागद उपयोगी नव्हता. कुटाच्या लाटांखालील ओढ पोहणाऱ्याला आत खेचते, आणि तेथे जीवरक्षकांची व्यवस्था या प्रवाशांच्या गर्दीबरोबरच आकाराला आली.

याच काळात, 1971 मध्ये, जागतिक बँकेच्या पाठबळाने एका फ्रेंच सल्लागार संस्थेने बालीच्या पर्यटनाचा आराखडा तयार केला, त्यानुसार नुसा दुआ या तुलनेने निर्जन भागात आलिशान हॉटेलांची वेगळी वसाहत व्हावयाची होती, जेणेकरून गावांवर परदेशी प्रभाव कमी पडेल. हा हेतू प्रामाणिक असला तरी त्यात कुटाच्या अंगणांना जवळपास स्थान नव्हते, ही त्या आराखड्याची मोठी उणीव मानावी लागते. कारण नुसा दुआचे पहिले मोठे हॉटेल 1983 मध्ये उघडेपर्यंत कुटातील कुटुंबे, कोणत्याही बँकेच्या योजनेविना, दशकभर पाहुण्यांच्या खोल्यांचे भाडे थेट आपल्या हाती घेत आली होती.