यंत्राचा विवेक
यंत्राचें थोरपण निर्दोषतेंत असतें, असा सार्वत्रिक समज आहे. ता. २० जुलै १९६९ रोजीं अपोलो-११ चें ‘ईगल’ यान चंद्रावर उतरत असतां त्याच्या संगणकानें ‘१२०२’ हा इशारा दिला : नव्या कामास स्मृतींत जागा नाहीं! पुसून लिहितां येणारी ती स्मृति अवघ्या २०४८ घरांची. पुढें शोध घेतां कारण सांपडलें. रडारचा वीजपुरवठा संगणकाच्या यंत्रणेशीं तालांत नव्हता; निरर्थक स्पंदनें मोजण्यांत सुमारें १५ टक्के वेळ जाई आणि कामें तुंबत. परंतु रचनाकारांनीं हें संकट आधींच कल्पिलें होतें. संगणक पुनःपुन्हां नव्यानें आरंभ करी, गौण कामें टाकी आणि अवतरणाचें तेवढें राखी. दोषांतूनही सावरण्याची ही तयारीच आम्ही अधिक थोर समजतों.