नांदेडची पंगत

भगिनींनो, स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावेत असा आग्रह झाला. मी सातवीपर्यंतच शिकलेली. समजले तेवढे लिहिते.

आपल्या नांदेडात मराठी, उर्दू, तेलुगू, पंजाबी अशा भाषा शेजारी शेजारी नांदतात. या सर्वांना एका पंगतीस बसविते ते सचखंड श्री हुजूर साहिबचे लंगर. लंगराची चाल गुरू नानकांपासूनची. गुरू अमरदासांनी दंडक घातला की, आधी पंगतीत बसावे, मग भेटीस यावे. १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी येथेच ग्रंथसाहिबांस गुरुपद दिले व देह ठेवला. महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात येथे गुरुद्वारा बांधविला.

मी माहेरची लातूरची. लग्नानंतर काही वर्षांनी आमचे हे आजारी पडले. औषधपाण्यात पैसा संपला, खानावळीच्या एका ताटाचीही ऐपत उरली नाही. मुलांना घेऊन लंगरात गेले. फुकटचे कसे खावे, म्हणून मान वर होईना. एका बाजूस दागिन्यांनी मढलेली बाई, दुसऱ्या बाजूस हमाल, सर्व जमिनीवरच. वाढणाऱ्याने ‘प्रसादा’ म्हणत रोटी पुढे केली. ती दोन्ही हात पसरून घ्यायची असते, श्रीमंतानेही. मला कोणी नाव विचारले नाही, जात विचारली नाही. तेव्हा मान वर झाली.

हे बरे झाले, तशी मी तेथे रोट्या लाटावयास जाऊ लागले.

भगिनींनो, आपल्या हळदीकुंकवाला विधवा भगिनी अजून दाराआडच राहतात. यंदा त्यांनाही पंगतीत बसवू या, एवढेच मागणे.