भाव सगळे सांगतात

महाल भागात, भोसल्यांच्या वाड्यासमोर तुम्ही उभे आहात. साल 1853, महिना चैत्राचा, ऊन नागपूरचं. समोरचा काळ्या दगडाचा वाडा तुम्ही कधीच पाहिलेला नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचे नागपूरकर असलात तरी नाही. 1864 साली तो जळाला आणि त्याचं मोठं प्रवेशद्वार तेवढं मागे उरलं. तेव्हा घाई करू नका. दगड पाहून झाला की मान वर करा. खरं काम लाकडात आहे. खांबांच्या माथ्यावर उलटी लटकलेली केळफुलं, तुळयांवर वेलबुट्टी, आणि वर्षानुवर्षांच्या तेलाने, धुराने तुळतुळीत झालेला सागवान. बोट फिरवलंत तर पाकळीच्या आतल्या बाजूलाही पटाशी फिरलेली कळते, म्हणजे खालून कुणालाच दिसणार नाही अशा जागी.

तुमचं धरमपेठेत छोटंसं दुकान आहे. आंधळगावची करवतकाठी, पितळेचे दिवे, हाताने छापलेला कागद, कुणाच्या माडीवरून उतरलेली फडताळं आणि पेट्या. प्रत्येक वस्तूला तुम्ही दोऱ्याने एक चिठ्ठी बांधता: काय आहे, कुठली आहे, किती जुनी, भाव किती. गिऱ्हाईक आधी भाव वाचतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या चिठ्ठीवर ‘कुणी केली’ असाही एक रकाना तुम्ही हौसेने छापून घेतलात आणि तो बहुतेक कोराच राहतो. हा प्रवास त्या रकान्यासाठी आहे. नियम साधा आहे. पाहायचं, हात लावायचा, विचारायचं. आणायचं काही नाही.

देवडीवरच्या पहारेकऱ्याला विचारून पाहा.

“हे लाकडाचं काम कोणाचं हो, दादा?”

तो तुमच्याकडे वेड्याकडे पाहावं तसं पाहतो. “कोणाचं म्हणजे? सरकारांचं हाय जी. आणखी कोणाचं असन?”

बरोबरच आहे त्याचं. ज्याने पैसे दिले त्याचं काम. पटाशीवाला बहुधा दोन गल्ल्या पलीकडेच राहत असेल आणि पहारेकरी त्याला रोज रामराम करत असेल. पण वस्तू म्हटली की नाव मालकाचंच येतं.

आता काही महिने पुढे सरका. 11 डिसेंबर 1853 ला रघूजी तिसरे वारले. औरस मुलगा नाही, डलहौसीने दत्तक मानला नाही आणि नागपूर खालसा झालं. पुढचं तुम्ही शाळेत एका ओळीत वाचलेलं असतं. ते सीताबर्डीवर उभं राहून पाहायला फार वेळ लागतो. राजवाड्यातले हत्ती, घोडे, बैल लिलावाला आणलेत. पुकारणारा ओरडतोय, बोली वर चढत नाही, आणि चांगलं जनावर मातीमोलाने जातंय. वाड्यातलं सामान बाहेर काढायला रघूजी दुसऱ्यांची राणी बांकाबाई यांनी विरोध केला. तरीही ते निघालं. दागिने कलकत्त्याला गेले आणि तिथल्या हॅमिल्टन कंपनीमार्फत विक्रीला लागले.

गर्दीत एक माणूस बघा. बोली लावत नाही, नुसता फिरतोय. हौद्याच्या कडा चाचपतो, झूल उलटी करून टाके पाहतो. तो तुमचा धंदेवाला आहे. राज्य बुडाल्याचं दुःख त्यालाही असेल. पण डोळा मालावर आहे. त्याच्यावर रागावण्याचा हक्क तुम्हाला फारसा नाही. इतवारीतला वाडा पाडायला काढला की तुम्हाला फोन येतो, आणि पोचल्यावर तुम्हीही आधी दारांच्या चौकटीच पाहता. जुन्या वस्तूंचा धंदा कुणाच्या तरी पडझडीवर चालतो. हे मान्य करून तो नीट करता येतो. न मान्य करता करणारेच जास्त.

असाच नागपूरबाहेर गेलेला एक नग परत आला, तो तुमच्याच काळात. 2025 च्या एप्रिलमध्ये लंडनच्या सदबीज या लिलावघरात पहिल्या रघूजी भोसल्यांची तलवार विक्रीला निघाली. महाराष्ट्र सरकारने ती मिळवली. सगळा खर्च धरून 47 लाख 15 हजार रुपये, आणि ऑगस्टमध्ये तलवार मुंबईत. सरळ, एकधारी फिरंग. पातं युरोपी बनावटीचं, त्यावर देवनागरीत सोन्याने कोरलेलं रघूजींचं नाव आणि सेनासाहेब सुभा हा किताब. आली याचा आनंद आहेच. पण दुकानदाराच्या नजरेने पाहिलंत तर चिठ्ठी इथेही अर्धीच भरलेली: मालक माहीत, भाव माहीत. पातं घडवणारा, मूठ बसवणारा, सोन्याची ती अक्षरं इतकी सफाईने उतरवणारा, कुणाचंच नाव नाही. आणि अक्षर कोरणाऱ्याला तर लिहिता येत होतं!

1865 चा डिसेंबर. हवा छान आहे, आणि वर्षातून एवढे दोन महिनेच नागपूर माणसांत असतं. नागपूर मध्य प्रांताची राजधानी होऊन चार वर्षं झालीत. मुख्य आयुक्त रिचर्ड टेम्पल यांनी कला, कारागिरी आणि उत्पन्नाचं मोठं प्रदर्शन भरवलंय. दोन वर्षांपूर्वी मध्यवर्ती संग्रहालय निघालं, ज्याला लोक अजब बंगला म्हणतात. साहेबाला सगळं मोजून, मांडून, फळीवर ठेवून पाहायचं आहे. तुम्हालाही तेच आवडतं, तेव्हा इथे तुमचं मन लागेल. धोतरजोड्या, पागोटी, रेशीमकाठी लुगडी, लोखंडी अवजारं, धान्याचे नमुने. नागपूर आणि उमरेडच्या कोष्ट्यांचं कापड तेव्हा दूरच्या पेठांत जात होतं. मांडणी मात्र तुम्हाला पटणार नाही: फार गच्च, दोन वस्तूंमध्ये श्वास घ्यायला जागा नाही.

चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, सुताजवळ थांबा. हे सूत हाताने काततात. त्या काळच्या इंग्रज अंमलदारांनी लिहून ठेवलंय की इथे एवढं बारीक सूत निघे की रतलभर वजनाचं उलगडलं तर ते 117 मैल लांब भरेल. नागपूरहून निघालेलं सूत चांदा ओलांडून पुढे जाईल, आणि वजन जेमतेम अर्धा किलो. लांबी नोंदली, वजन नोंदलं, जिल्हा नोंदला. कातणारीचं नाव कुणी विचारलं नाही. मैल मोजण्याचा खटाटोप करणाऱ्या माणसाला तेवढं एक विचारायला किती वेळ लागला असता?

पाचपावलीच्या अंगाने तांडापेठेत शिरा. साल कुठलंही घ्या, खटखट तीच. मागावर कोशाचं लुगडं चढलंय. करवतकाठ कसा जमतो ते इथे बसून बघा, कारण दुकानात गिऱ्हाइकाला सांगताना तुम्ही अर्धवट सांगता. तीन धोटे चालतात. दोन्ही काठांचे दोन, अंगाचा एक. अंगाचं आडवं सूत काठाच्या सुताला गाठतं आणि तिथल्या तिथे त्याच्यात अडकून परत फिरतं. ही गाठभेट दर काही ओळींना एकेक तार पुढे-मागे सरकवली की करवतीचे दाते उभे राहतात. म्हणून खरा करवतकाठ पालथ्या बाजूलाही तसाच दिसतो. छापलेला किंवा यंत्रावर काढलेला दिसत नाही. एवढं कळलं तरी साडी ओळखता येते, बाकी कोशाचा वास आणि हाताला लागणारी किंचित खरखर. विणकराचं नाव विचारलंत तर इथे लगेच मिळतं. त्यानेच सांगितलं, वर बापाचं आणि सासऱ्याचंही सांगितलं. मग ते नाव साडीबरोबर पेठेपर्यंत का जात नाही? कारण मधल्या शेटला ते नको असतं. नाव कळलं की गिऱ्हाईक सरळ मागापाशी येतं. यात गूढ काही नाही.

1 जानेवारी 1877. दिल्लीत व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करताहेत, आणि त्याच दिवशी जुम्मा तलावाजवळ जमशेटजी टाटांची गिरणी सुरू होते. नाव अर्थातच एम्प्रेस. जमीन दलदलीची होती, भराव घालावा लागला. गोष्ट अशी सांगतात की हा माणूस सोनं मातीत घालतोय म्हणून इथल्या एका मारवाडी सावकाराने कर्ज नाकारलं, आणि पुढे तोच म्हणाला की यांनी माती घातली आणि सोनं काढलं. गिरणीचे व्यवस्थापक बेझनजी मेहता आधी रेल्वेत होते. कापडधंद्याचा अनुभव नसताना त्यांनी ती चालवून दाखवली. गिरणीने तांडापेठेचं काय केलं ते तुम्हाला माहीत आहे, आणि 2002 मध्ये गिरणी बंद पडल्यावर तिच्या कामगारांचं काय झालं तेही. आता तिथे मॉल आहे. नाव एम्प्रेसच. राणीचं नाव दीडशे वर्षं टिकलं, तेही तिने नागपुरात पाऊल न टाकता.

शहरात पुरे झालं. काटोल रस्त्याने बाहेर पडा, फेटरी मागे टाका आणि माहूरझरीला या. आता वर्षं मोजू नका, अडीच हजारांहून जास्त मागे जायचंय. आजूबाजूला मोठ्या दगडांची वर्तुळं आहेत, त्यांत माणसं पुरलेली आहेत. कुणाबरोबर घोडा, आणि घोड्याच्या डोक्याचा तांब्याचा साज. पण तुम्ही थडग्यांसाठी आला नाहीत. इथे मणी करतात.

एक माणूस उकिडवा बसलाय. समोर अकीक, कार्नेलियन, स्फटिक यांचे ओबडधोबड खडे. तो एकेक टिचका मारत खड्याला आकार देतो, मग घासतो, मग भोक पाडायला घेतो. एका टोकाने अर्ध्यापर्यंत, खडा फिरवून दुसऱ्या टोकाने अर्ध्यापर्यंत. मधोमध दोन्ही भोकं भेटायला हवीत. नेमकी सरळ रेषेत ती क्वचितच भेटतात. जराशी पायरी राहते. जुना मणी उजेडात धरला तर ती पायरी तुम्हाला दिसते. कार्नेलियन भाजला की त्याचा लाल रंग खुलतो, हेही या लोकांना ठाऊक आहे. बाजूला फुटलेल्या, अर्ध्यात सोडलेल्या मण्यांचा खच. 1970 च्या सुमाराला डॉ. शां. भा. देव यांनी नागपूर विद्यापीठातर्फे इथे उत्खनन केलं. मणी इथेच घडत हे अशा अर्धवट मण्यांमुळेच ठरवता येतं. तयार माल तर गावोगाव जातो, बिघडलेला घरीच राहतो.

याला नाव विचारून उपयोग नाही. तुमची भाषा त्याला कळणार नाही, आणि लिपी इथवर पोचायची आहे. इथे रकाना कोरा राहणं मला मान्य आहे. तीनशे वर्षांपूर्वीचाही एखाद वेळी सोडून देऊ. पण गेल्या आठवड्यात केलेल्या वस्तूचा कोरा राहावा?

म्हणून परत या आपल्या काळात, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. सकाळी तर्री पोहे खाऊन महालाच्या वाटेला लागलात की गर्दीत पाय ठेवायला जागा नाही. मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघालीय. काळी 1881 पासूनची, पिवळी 1885 पासूनची. मागून बडगे, म्हणजे त्या वर्षी लोकांना ज्याची चीड आली असेल त्याचे पुतळे: महागाई, भ्रष्टाचार, एखादा पुढारी. “घेऊन जा गे मारबत” म्हणत सगळं गावाबाहेर नेऊन जाळतात. इतक्या खटपटीने घडवलेली वस्तू एका दिवसात राख. पण गंमत बघा, पिवळी मारबत तऱ्हाणे तेली समाजाची, हे अख्ख्या शहराला ठाऊक. जी वस्तू विकायचीच नाही तिच्या कर्त्यांची ओळख दीडशेच्या जवळपास वर्षं टिकलीय.

संध्याकाळी तान्हा पोळा. हा विदर्भाबाहेर फारसा कुणाला ठाऊक नाही. दुसऱ्या रघूजींनी 1806 मध्ये सुरू केला असं सांगतात. मोठ्यांचे बैल आदल्या दिवशी पुजून झाले. आज लहान पोरांचे लाकडी नंदी. चाकांवरचे, दोरीने ओढायचे. कुणाचा वीतभर, कुणाचा पोराहून उंच. पोरं घरोघरी नंदी नेतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ आणि पैसे, गोळा करतात. भारतातल्या उत्तम खेळण्यांपैकी हे एक आहे, असं माझं मत आहे. वशिंडाचा बाक, शिंगांचा कमानदार डौल, चार चाकं, बस. एकही जास्तीची रेघ नाही. मुंबई-पुण्याच्या दुकानांत परदेशी लाकडी खेळण्यांना जो भाव मिळतो त्याच्या पासंगालाही याचा भाव पोचत नाही.

पोळ्याआधी रस्त्याकडेला ओळीने नंदी मांडलेले असतात.

“कितीला हो भाऊ?”

“उंचीवर हाय. घ्या न, पोरगं खूश होऊन जाईन.”

यंदा भाव ठरल्यावर लगेच पिशवीत टाकू नका. नंदी उलटा करा, पोटाखाली पाहा. नाव नसेलच. मग विक्रेत्याला विचारा की सुतार कोण, गाव कोणतं. त्याला माहीत असतं, कारण माल त्यानेच उचललेला असतो. तिथेच पेन्सिलने पोटावर लिहून घ्या. दुकानदार असाल तर चिठ्ठीवरही लिहा, भावाच्या वर, आणि सुताराचा फोन नंबर गिऱ्हाइकाने मागितला तर देऊन टाका. धंद्यात जे थोडं जाईल ते जाऊ द्या.