तांबडा विंचू आणि हृदयाच्या चार पायऱ्या

जालना जिल्ह्यांतील भोकरदन तालुक्यांत देहेड हें एक लहानसें खेडें आहे. १९५१ सालीं तेथील एका गरीब शेतकरी कुटुंबांत हिंमतराव बावस्कर यांचा जन्म झाला. (जालना त्या वेळीं स्वतंत्र जिल्हा नव्हता, औरंगाबादेपासून तो १९८१ सालीं निराळा झाला.) नागपुरास वैद्यकीचा अभ्यास पुरा करून हे तरुण डॉक्टर १९७६ सालीं कोंकणांत, महाड तालुक्यांतील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रावर रुजू झाले, आणि तेथें तांबड्या विंचवाशीं त्यांची गांठ पडली.

विंचू चावला म्हणजे वेदना, आणि वेदनेवर मंत्र नाहीं तर झाडपाला, एवढीच सर्वसाधारण समजूत. परंतु त्या भागांत दंश झालेलीं धडधाकट माणसें, विशेषतः मुलें, कांहीं तासांत धाप लागून, तोंडावाटे तांबूस फेंस येऊन मरत. गंभीर रोग्यांपैकीं शेंकडा तीस-चाळीस दगावत. हें मरण विंचवाचें म्हटलें जाई. वस्तुतः तें हृदयाचें होतें. विषामुळें मज्जातंतूंचीं टोकें अनावर होतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, त्या अरुंद वाटेनें रक्त लोटतां लोटतां हृदयाचा डावा कप्पा थकतो, आणि फुप्फुसांत पाणी भरतें.

खरा प्रश्न औषधाच्याही आधींचा होता. दंश झालेल्यांपैकीं कोणाला घरीं पाठवावें आणि कोणाच्या उशाशीं रात्रभर बसावें? न्यूयॉर्कच्या हृदयरोग संघटनेनें १९२८ सालीं हृद्रोग्यांचे चार वर्ग पाडले, ते किती श्रमानें धाप लागते यावरून. ते आजही जगभर वापरांत आहेत. पण तो हिशेब महिन्यांचा आणि वर्षांचा. बिरवाडीस हातीं होते ते तास.

बावस्करांनीं खाटेशेजारीं बसून टिपणें ठेवलीं. १९८२ सालीं ‘लॅन्सेट’ या इंग्रजी वैद्यकीय पत्रांत त्यांचा लेख आला. ओकारी, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय हीं हृदय संकटांत येत असल्याचीं पूर्वचिन्हें होत, असें त्यांत दाखविलें होतें. पुढें रोग्यांच्या चार पायऱ्या ठरल्या. नुसत्या वेदनेनें तळमळणारा रोगी पहिलीवरचा. आरडाओरड त्याचीच अधिक, पण हृदय सुरक्षित. घामानें भिजलेला, गार हातांचा दुसरीवरचा. तिसरीवर फुप्फुसें भरतात. चौथीवर रक्तदाब कोसळतो आणि हातपाय उलट ऊन लागतात. अनभिज्ञाला ती सुधारणाच वाटावी!

सारा डाव दुसऱ्या पायरीवर होता. रक्तदाबासाठीं वापरली जाणारी प्राझोसिन ही साधी गोळी आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते. तिचा अनुभव बावस्करांनीं १९८६ सालीं त्याच पत्रांत प्रसिद्ध केला. हातपाय ऊबदार होईपर्यंत ती दर तीन तासांनीं द्यावयाची. त्यासाठीं मोठें इस्पितळ नको, जागतें माणूस हवें. मृत्यूचें प्रमाण शेंकडा एकाच्या आसपास उतरलें.

प्रतिविष मिळूं लागल्यावर बावस्करांनीं पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह महाड येथें त्याचीही परीक्षा घेतली. रोगी निवडले ते दुसऱ्या पायरीचेच, सत्तर. पस्तिसांना नुसती गोळी, पस्तिसांना गोळी आणि प्रतिविष. दहा तासांत पहिल्या गटांतील ८ जण पूर्ण बरे झाले, दुसऱ्यांतील ३२. हा निष्कर्ष २०११ सालीं ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्यें छापून आला, २०२२ सालीं सरकारनें बावस्करांना पद्मश्री दिली.