मटक्यापासून आभासी नाण्यांपर्यंत

गिरण्यांच्या मुंबईत फोफावलेल्या आकड्यांच्या जुगाराचा उगम न्यूयॉर्कच्या बाजारातील कापसाच्या उघडत्या-मिटत्या भावांवर पैसे लावण्याच्या प्रथेत होता. हे भाव येणे थांबल्यावर 1962 मध्ये कल्याणजी भगत व 1964 मध्ये रतन खत्री यांनी आकडा काढण्याचा स्वतंत्र खेळ रूढ केला आणि तो ‘मटका’ म्हणून ओळखला गेला.

ऑनलाइन भूमिकाप्रधान खेळांत, म्हणजे खेळाडू एखादे पात्र धारण करून वावरतो अशा खेळांत, हीच प्रवृत्ती ‘अपग्रेड’च्या रूपाने अवतरली: शस्त्र बलवान करण्यासाठी खेळातील नाणी खर्च करायची, मात्र यश संभाव्यतेवर सोपवायचे. ‘मेपलस्टोरी’ या खेळात वस्तूंचे गुण बदलणाऱ्या ‘क्यूब’ची संभाव्यता घटवून ती लपवल्याबद्दल दक्षिण कोरियाच्या व्यापार आयोगाने जानेवारी 2024 मध्ये नेक्सॉन कंपनीला सुमारे 11.6 अब्ज वॉनचा दंड ठोठावला.

जुगाराप्रमाणेच मुंबई परिसरातील उद्योगांचेही रूप पालटले: ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखान्यांसाठी वसलेल्या रबाळ्यात आज डेटा सेंटर, म्हणजे संगणकीय माहिती साठवणारी केंद्रे, उभी आहेत. अर्थव्यवहार असा आभासी होत असताना 1887 चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा अपुरा ठरणे अटळ होते. 2025 च्या केंद्रीय ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे देऊन घेतलेली आणि पैशाच्या तोलाची आभासी नाणीही ‘पणा’च्या, म्हणजे डावावर लावलेल्या ऐवजाच्या, व्याख्येत आणली, ही तरतूद आवश्यकच होती.